प्रवाळाच्या टाकीतील कॅल्शियम : आधी मोजा, मग पद्धत निवडा

शोभेच्या माशांचा धंदा आपल्या बांधवांना नवा नाही. क्रॉफर्ड मार्केट असो की कुर्ला, काच कापणारे, टाकी जोडणारे, लोखंडी स्टँड वेल्ड करणारे आणि घरोघरी जाऊन टाक्या साफ करणारे असे बरेच कारागीर याच कामावर संसार चालवतात. आखातात गेलेल्या कोकणी बांधवांपुढेही टाक्यांच्या देखभालीचे काम येते. गोड्या पाण्यातील गप्पी, एंजल, गोल्डफिश यांची देखभाल आता पुष्कळांना जमते. पण गिऱ्हाइकाने खाऱ्या पाण्यातील प्रवाळाची टाकी सोपवली की अनुभवी माणूसही गोंधळतो. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा, की पाण्यातले कॅल्शियम टिकवायचे कसे? कोणी सांगतो चुन्याचे पाणी घाला, कोणी दोन बाटल्यांचे औषध विकतो, तर कोणी हजारो रुपयांचा रिअ‍ॅक्टर गळ्यात मारतो. आजच्या पाठात आम्ही या प्रश्नाचा हिशेब मांडणार आहोत.

आमची एक चूक

सुरुवात आमच्याच एका चुकीने करतो. काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यातील चार फुटी टाकी आमच्याकडे देखभालीला होती. दर रविवारी आम्ही कॅल्शियम मोजत असू. आकडा चारशेच्या आसपास यायचा, थोडा कमी वाटला तर कॅल्शियमचे द्रावण घालायचो आणि मालकाला सांगायचो, "पाणी एकदम ठीक आहे, डॉक्टरसाहेब." दोन महिन्यांत प्रवाळांची टोके पांढरी पडली, मग बुडापासून साल निघू लागली. शेवटी एका जाणत्या माणसाने येऊन केएच मोजले. ते चार अंशांवर आले होते. आम्ही केएच कधी मोजलेच नव्हते. मेलेल्या प्रवाळांची किंमत आम्ही भरून दिली, पण गेलेला विश्वास काही भरून देता आला नाही.

खोटे बोलायचा आमचा इरादा नव्हता. तरीही "पाणी ठीक आहे" हे आमचे बोलणे खोटे ठरले, कारण अर्धे मोजून पुऱ्याची हमी दिली होती. ही चूक इतरांकडून होऊ नये म्हणून हा सगळा लेखनप्रपंच.

प्रवाळाला कॅल्शियम का लागते?

प्रवाळ हा दगड नाही आणि झाडही नाही. तो बारीक बारीक प्राण्यांचा समूह आहे. दगडी प्रवाळ आपल्या अंगाखाली चुनखडीचा सांगाडा बांधत जातो. रसायनशास्त्रात या चुनखडीला कॅल्शियम कार्बोनेट म्हणतात. गवंड्याला भिंत बांधायला विटा आणि मसाला दोन्ही लागतात, तसा प्रवाळाला पाण्यातून कॅल्शियमही लागतो आणि कार्बोनेटही. टाकीच्या काचेवर व दगडांवर चढणारे गुलाबी-जांभळे शेवाळ, शंख आणि शिंपलेदेखील हाच माल उचलतात.

समुद्रात मालाचा तोटा नाही. टाकीत मात्र पाणी मोजके असते, म्हणून रोज उचललेला माल रोज परत भरावा लागतो. पाण्यातील कार्बोनेटच्या साठ्याला अल्कलिनिटी म्हणतात आणि आपल्या धंद्यात तिला केएच म्हणायची रीत आहे. समुद्राच्या पाण्याचे आकडे कारागिराने पाठ करून ठेवावेत. खारेपणा लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, कॅल्शियम सुमारे ४२० पीपीएम म्हणजे लिटरला ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२८० ते १३०० पीपीएम, केएच सुमारे ७ अंश. टाकीत केएच ७ ते १० अंशांच्या दरम्यान कोठेही चालते. अट एवढीच, की ते रोज वरखाली होता कामा नये.

जोडीचा हिशेब

आता या पाठातील मुख्य गोष्ट. प्रवाळ कॅल्शियम आणि कार्बोनेट ठरलेल्या प्रमाणातच उचलतो. केएचचा १ अंश खर्ची पडला की त्याबरोबर सुमारे ७ पीपीएम कॅल्शियम खर्ची पडते. हे प्रमाण टाकी लहान असो वा मोठी, मुंबईतली असो वा दुबईतली, बदलत नाही.

याचा अर्थ व्यापाऱ्याच्या भाषेत पाहू. गोदामात दोन प्रकारचा माल आहे. ४२० पीपीएम कॅल्शियमला ७ ने भागले तर ६० येतात, म्हणजे रोज १ अंश या दराने कॅल्शियमचा माल ६० दिवसांचा आहे. केएच ८ असेल तर तो माल फक्त ८ दिवसांचा. चार दिवस काहीच भरले नाही तर केएच ८ वरून ४ वर येईल, म्हणजे अर्धे होईल. त्याच चार दिवसांत कॅल्शियम ४२० वरून फक्त ३९२ वर येईल. साध्या टेस्ट किटमध्ये दहा-वीस पीपीएमचा फरक हाताच्या चुकीनेही पडतो. म्हणजे टाकी मरणाच्या दारात असते आणि कॅल्शियमचा आकडा "सर्व ठीक" सांगत असतो. आम्ही नेमके येथेच फसलो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतला ओलावा बोटांना लागला, तो प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. ढीग वरून कोरडा होता. ओला माल वर का ठेवला नाहीस, म्हणजे लोकांना दिसला असता, असे त्या व्यापाऱ्याला विचारले गेले. प्रवाळाच्या टाकीत कॅल्शियम हा वरचा कोरडा थर आहे. हात केएचपर्यंत घातल्याशिवाय मालाची हमी देऊ नये.

आधी मोजणी

पद्धत निवडण्यापूर्वी टाकीचा रोजचा खप काढावा लागतो. या कामाला एकही रुपयाचे यंत्र लागत नाही, फक्त टेस्ट किट, वही आणि धीर लागतो.

पहिले काम पाण्याचे खरे माप. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी म्हणजे नऊ घनफूट, सुमारे २५५ लिटर. पण दगड, वाळू आणि वर सोडलेली जागा वजा केली, खालच्या संपमधले पाणी मिळवले, की हिशेबाचे पाणी वेगळेच निघते. अशा टाकीत ते २०० लिटर धरायला हरकत नाही. टाकी पहिल्यांदा भरताना बादल्या मोजून संपवर आकडा लिहून ठेवला तर पुढे अंदाज करावा लागत नाही. काचेच्या मापावर औषध घालणे म्हणजे मापात पाप होय.

दुसरे काम खारेपणा. मीठच कमी पडले असेल तर सगळे आकडे कमी दिसतात. खारेपणा ३५ ऐवजी ३० असेल तर ४२० चे कॅल्शियम ३६० दिसेल. अशा वेळी कॅल्शियम घातले आणि नंतर मीठ वाढवले तर गणित पार बिघडते. म्हणून रिफ्रॅक्टोमीटरने खारेपणा आधी पाहावा व दुरुस्त करावा.

तिसरे काम मॅग्नेशियम. हे फार कमी झाले तर कॅल्शियम आणि कार्बोनेट पाण्यातच एकमेकांना धरून खाली बसतात, पंपावर आणि हीटरवर पांढरी खपली जमते आणि कितीही घातले तरी आकडे टिकत नाहीत. मॅग्नेशियम १२५० च्या खाली असेल तर आधी ते भरून काढावे.

चौथे काम आकडे योग्य जागी आणणे. कॅल्शियम आणि केएच दोन्ही वेगवेगळे दुरुस्त करावेत. उदाहरणार्थ, २०० लिटरमध्ये कॅल्शियम ३५० आहे आणि ४२० वर न्यायचे आहे. दोन रेणू पाण्यासह असलेले कॅल्शियम क्लोराइड, ज्याला डायहायड्रेट म्हणतात, सुमारे ५१ ग्रॅम लागेल. ते चार-पाच दिवसांत वाटून घालावे. केएच एका दिवसात १ अंशापेक्षा जास्त वाढवू नये.

आता सर्व भरती बंद करून तीन दिवस रोज एकाच वेळी केएच मोजावे. समजा, पहिल्या दिवशी ८.५ आणि तीन दिवसांनी ७.० आले. तीन दिवसांत दीड अंश, म्हणजे रोजचा खप अर्धा अंश. कॅल्शियमचा खप त्याच्या सातपट, म्हणजे साडेतीन पीपीएम. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. पुढची सारी निवड यावरच अवलंबून आहे.

पद्धत पहिली : पाणी बदलणे

काही टाक्यांना वेगळी पद्धत लागतच नाही. ज्या टाकीत मासे आणि मऊ प्रवाळच आहेत, दगडी प्रवाळ नाहीत, तिचा खप आठवड्याला अंशाच्या दोन-तीन दशांशांवर जात नाही. आठवड्याला १० टक्के पाणी चांगल्या मिठाचे बदलले की काम भागते.

पण खप वाढला की ही पद्धत लंगडी पडते. रोज अर्धा अंश खपणाऱ्या टाकीत आठवड्यात केएच ८ वरून ४.५ वर येईल. ८ अंशांच्या नव्या पाण्याने १० टक्के बदल केला तर जेमतेम ०.३५ अंश परत मिळेल. खड्डा साडेतीन अंशांचा आणि भर एक तृतीयांश अंशाची! "फक्त पाणी बदलत राहा" हा सल्ला दगडी प्रवाळाला उपाशी ठेवतो.

पद्धत दुसरी : चुन्याची निवळी

पानाला लावतो तो चुना आणि प्रवाळाला देतो तो चुना रसायनाने एकच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. कोकणात शिंपले भाजून चुना करण्याची रीत जुनी आहे. म्हणजे जिवाने समुद्रातून घेतलेला माल आपण पुन्हा पाण्यात सोडतो. मात्र पानाचा डबीतला चुना किंवा इमारतीचा चुना टाकीत घालू नये. पहिल्यात काय काय कालवले आहे ते डबीवर नसते, आणि दुसऱ्यात माती व इतर धातू असतात. शुद्धतेचा शिक्का असलेली, खाण्याच्या किंवा प्रयोगशाळेच्या दर्जाची भुकटीच घ्यावी.

एक लिटर आर.ओ. पाण्यात दोन ग्रॅम भुकटी ढवळावी, झाकण लावून रात्रभर निवू द्यावी आणि वरची स्वच्छ निवळी तेवढी वापरावी. लिटरभर पाण्यात दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळते, बाकीचा गाळ तळाशी राहतो. भांडे उघडे ठेवले तर हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून वर पापुद्रा धरतो आणि निवळीचा जोर जातो.

या पद्धतीचे दोन मोठे गुण आहेत. कॅल्शियम आणि केएच हवे त्याच प्रमाणात मिळतात, मागे कसलेही मीठ उरत नाही. शिवाय निवळी पाण्याचा पीएच वाढवते. दारे-खिडक्या बंद करून एसी लावलेल्या खोलीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि टाकीचा पीएच पडतो. तेथे निवळी दुहेरी काम करते.

मर्यादा एकच, पण ती कडक आहे. निवळी म्हणजे पाणीच. टाकीतून जेवढे पाणी उडून जाते तेवढीच निवळी घालता येते, जास्त नाही. आपल्या उदाहरणातील २०० लिटर टाकीला रोज अर्धा अंश भरायला सुमारे ९०० मिलिलिटर निवळी लागते. रोज दोन लिटर पाणी उडत असेल तर काम आरामात होते. पण खप रोज २ अंश असेल तर साडेतीन लिटर निवळी लागेल आणि उडते दोनच लिटर. मग ही पद्धत एकटी पुरणार नाही. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट झाली की पाणी कमी उडते, हेही ध्यानात ठेवावे. मे महिन्यात बसवलेला हिशेब जुलैमध्ये पुन्हा तपासावा.

धोकाही सांगितला पाहिजे. निवळीचा पीएच सुमारे साडेबारा असतो. थेंब थेंब, रात्रीच्या वेळी आणि वाहत्या पाण्यात सोडली तर ती दवा आहे. फ्लोट व्हॉल्व्ह अडकून सगळी एकदम गेली तर टाकी दुधासारखी पांढरी होते आणि सकाळपर्यंत सर्व संपलेले असते. म्हणून ठिबकणाऱ्या भांड्यात एका दिवसाच्या मापापेक्षा जास्त निवळी ठेवू नये. डोळ्यात उडाली तर इजा होते, तेव्हा चष्मा लावावा. बाटलीवर मोठ्या अक्षरांत "चुना, पिऊ नये" असे लिहून ती मुलांपासून दूर ठेवावी, कारण निवळी दिसायला साध्या पाण्यासारखीच असते.

पद्धत तिसरी : दोन बाटल्या

एका बाटलीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत खाण्याचा सोडा किंवा धुण्याचा सोडा, म्हणजे सोडा अ‍ॅश. दुकानात रंगीत लेबले लावून मिळणाऱ्या जोडबाटल्यांत मूळ माल बहुधा हाच असतो. जर्मनीत हान्स-वेर्नर बालिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत याच घराण्यातली आहे.

हिशेब सोपा आहे. २०० लिटर पाण्यात रोज अर्धा अंश भरायला खाण्याचा सोडा ३ ग्रॅम आणि डायहायड्रेट कॅल्शियम क्लोराइड सुमारे २.६ ग्रॅम लागते. खप २ अंश असेल तर चौपट, म्हणजे १२ ग्रॅम आणि साडेदहा ग्रॅम. खाण्याच्या सोड्याऐवजी सोडा अ‍ॅश घेतला तर वजन सुमारे ६३ टक्के पुरते. खाण्याचा सोडा पीएच किंचित उतरवतो, सोडा अ‍ॅश चढवतो. टाकीचा पीएच पाहून निवड करावी.

खरेदी करताना पोत्यावरचे लेबल वाचावे. कोरडे, म्हणजे निर्जल, कॅल्शियम क्लोराइड आणि डायहायड्रेट दिसायला सारखे असतात, पण १११ ग्रॅम निर्जल मालात जेवढे कॅल्शियम तेवढे डायहायड्रेटच्या १४७ ग्रॅममध्ये असते. एकाचे माप दुसऱ्याला लावले तर तीस टक्क्यांहून अधिक फरक पडतो. कारखान्याच्या कामाचा माल स्वस्त मिळतो, पण त्यातली भेसळ आपल्याला दिसत नाही. तेव्हा खाण्याच्या दर्जाचाच घ्यावा. निर्जल माल पाण्यात टाकला की पाणी तापते, म्हणून थोडा थोडा टाकावा.

दोन्ही द्रावणे कधीही एकत्र करू नयेत. ती भेटताच चुनखडी होऊन खाली बसते आणि पैसे गटारात जातात. एक सकाळी, एक संध्याकाळी, आणि तेही जोराच्या प्रवाहात सोडावे. डोसिंग पंप लावल्यास दोघांच्या वेळांत अंतर ठेवावे.

या पद्धतीचा गुण म्हणजे कोणत्याही मापाच्या टाकीला ती लागू पडते, सुरुवातीचा खर्च कमी आणि चूक झाली तरी दुरुस्त करता येते. दोष असा, की मागे साधे मीठ उरते. २०० लिटर टाकीत रोज २ अंश भरले तर महिन्याला सुमारे २५० ग्रॅम मीठ साठते, म्हणजे खारेपणा ३५ वरून सव्वाछत्तीसवर जातो. म्हणून दर आठवड्याला रिफ्रॅक्टोमीटर लावावा आणि पाणी बदलणे चालू ठेवावे. जो विक्रेता "हे औषध घातले की पाणी बदलायला नको" असे सांगतो, त्याच्या बोलण्यावर जाऊ नये.

पद्धत चौथी : कॅल्शियम रिअ‍ॅक्टर

नाव भारी असले तरी काम साधे आहे. एका बंद नळकांड्यात चुनखडीचे खडे भरतात. टाकीचे पाणी त्यातून फिरते आणि सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडतात. पाणी आंबट होते, पीएच साडेसहा-पावणेसातपर्यंत उतरतो आणि खडे विरघळू लागतात. प्रवाळाने जे बांधले तेच उलट उलगडते, म्हणून कॅल्शियम आणि केएच दोन्ही योग्य प्रमाणात सुटतात आणि मीठ उरत नाही.

हजार लिटर टाकीचा खप रोज २ अंश असेल तर रोज सुमारे ३६ ग्रॅम, महिन्याला एक किलोच्या थोडी वर चुनखडी विरघळावी लागते. तेच काम दोन बाटल्यांनी करायचे तर महिन्याला १.८ किलो सोडा आणि सुमारे १.६ किलो कॅल्शियम क्लोराइड लागेल, आणि सव्वा किलोच्या वर मीठ साठेल. म्हणून हॉटेल, शोरूम, बंगला येथील मोठ्या, दगडी प्रवाळांनी भरलेल्या टाकीला रिअ‍ॅक्टर शोभतो.

दोनशे लिटरच्या टाकीला मात्र तो बैलगाडीला विमानाचे इंजिन ठरतो. सिलिंडर, रेग्युलेटर, सोलेनॉइड, पीएच कंट्रोलर हे सगळे घ्यावे लागते आणि बुडबुडे व पाण्याची धार बसवायला आठवडे लागतात. उरलेला कार्बन डायऑक्साइड टाकीत जाऊन पीएच उतरवतो. पीएच आधीच कमी असलेल्या खोलीत हे बरे नाही. अशा ठिकाणी पुष्कळ जाणकार रिअ‍ॅक्टरबरोबर रात्री थोडी निवळीही देतात. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला असावा, आणि कोंदट कपाटात गॅस गळू नये याची खात्री करावी.

अ‍ॅक्रिलिकचे काम करणाऱ्या आपल्या कारागिरांना येथे एक संधी आहे. नळकांडे, झाकण, ओ-रिंग आणि एक छोटा पंप यांपलीकडे रिअ‍ॅक्टरमध्ये फारसे काही नाही. नमुना उघडून पाहावा, जोड नीट चिकटवावेत, पाणी भरून दोन दिवस गळती तपासावी आणि आपल्या नावाने हमी देऊन विकावा.

निवड कशी करावी?

सारांश असा. खप आठवड्याला अर्ध्या अंशाहून कमी असेल तर पाणी बदलणे पुरे. खप रोज अर्ध्या अंशाच्या आसपास असेल आणि पाणी पुरेसे उडत असेल तर चुन्याची निवळी सर्वांत स्वस्त व स्वच्छ. खप त्याहून जास्त, टाकी लहान किंवा मध्यम असेल तर दोन बाटल्या, हवे तर निवळीच्या जोडीने. टाकी मोठी, खप मोठा आणि मालक तीन-चार वर्षांचा विचार करणारा असेल तर रिअ‍ॅक्टर. प्रवाळ वाढतात तसा खपही वाढतो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी मोजणी पुन्हा करावी. आज निवळीवर चालणारी टाकी पुढच्या वर्षी दोन बाटल्या मागेल, यात नवल नाही.

व्यवहाराच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट. देखभालीच्या बिलात मजुरी वेगळी आणि माल वेगळा लिहावा. सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड आपण स्वतः विरघळवून देत असाल तर तसे स्पष्ट सांगावे. आपल्या मेहनतीचे दाम घ्यायला कोणतीही हरकत नाही, पण साध्या सोड्याला परदेशी औषध म्हणून विकणे हे हलाल कमाईत बसत नाही.

दुसरी गोष्ट. काही ठिकाणी यंत्र विकून दिल्याबद्दल देखभाल करणाऱ्याला कमिशन मिळते. गिऱ्हाईक आपल्याकडे सल्ला मागतो तेव्हा आपण त्याचे अमानतदार असतो. कमिशन मिळत असेल तर त्याला सांगावे आणि टाकीचा खप दाखवून मगच यंत्राची शिफारस करावी.

तिसरी गोष्ट, वही. तारीख, वेळ, खारेपणा, केएच, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि घातलेला माल, एवढे रकाने पुरेत. वही टाकीजवळ, गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर ठेवावी. चूक झाली तर तीही लिहावी. आमचा अनुभव असा, की वही ठेवणाऱ्या कारागिराशी गिऱ्हाईक महिन्याच्या पैशांवरून वाद घालत नाही.

चौथी गोष्ट कायद्याची. आपल्या देशात सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. आपल्या समुद्रातून ते काढणे, विकणे गुन्हा आहे, मग ते जिवंत असोत की शोभेसाठी ठेवलेले मेलेले पांढरे सांगाडे असोत. म्हणजे रिअ‍ॅक्टरमध्ये भरायला किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे गोळा करून विकणेही धोक्याचे आहे. जगभरचे दगडी प्रवाळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात आणि २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आपल्या कायद्यात या करारासाठी वेगळे प्रकरण आले आहे. तेव्हा देखभालीचे काम घेण्यापूर्वी मालकाकडे कागद आहेत का ते विचारावे, शंका असेल तर वनखात्याच्या कार्यालयात जाऊन खात्री करून घ्यावी. आखातातील बांधवांनी तेथील नियम पाहावेत. कागद नसलेला सौदा कितीही फायद्याचा दिसला तरी सोडून द्यावा. रोजी देणारा अल्लाह आहे, त्यासाठी चोरवाट धरण्याची गरज नाही.

शेवटी एवढेच. त्या दवाखान्यातल्या टाकीवर आम्ही पुढे पुन्हा काम केले. या खेपेला पहिले तीन दिवस काहीच घातले नाही, फक्त मोजले. खप रोज पाऊण अंश निघाला. रात्री सव्वा लिटर निवळी, महिन्याला चार वेळा पाणी बदल, एवढ्यावर टाकी उभी राहिली. खर्च आधीपेक्षा कमी झाला आणि आता "पाणी ठीक आहे" म्हणताना आमच्याजवळ वहीतले दोन्ही आकडे असतात. आपल्या कारागीर बंधूंनीही या रविवारी एका टाकीपासून सुरुवात करावी. अल्हम्दुलिल्लाह, मोजणीला भांडवल लागत नाही. इन्शाअल्लाह, तिच्यात बरकत आहे.